मुदतीतला माणूस

आमच्या वाटूरला एक माणूस तीस वर्षं परीक्षा देत होता आणि गावाच्या मते एकदाही पास झाला नव्हता. दर सुट्टीत तो बॅग भरून मुंबईला जायचा, आठ-पंधरा दिवस कुठल्याशा कोर्सला बसायचा, डॉक्टरपुढे उभा राहायचा आणि परत यायचा. फाट्यावर बसमधून उतरला की चहाच्या हॉटेलातले किसननाना बाकावरूनच विचारायचे, "काय अंकुशराव, आवंदा तरी निघाले का पास?"

"निघालो, नाना."

"मागच्या टायमालाबी असंच बोलले व्हते तुम्ही."

"तवाबी निघाल्तो."

"मंग पुन्हा कशाला गेल्ते?"

याला उत्तर होतं, आणि अंकुशभाऊंनी ते नानांना इतक्या वेळा दिलं होतं की हॉटेलातल्या कपबश्यांनाही पाठ झालं असावं. जहाजावरच्या माणसाचा कागद जन्माचा नसतो. इंजिन चालवायचा परवाना पाच वर्षांचा. आग विझवायच्या आणि पाण्यात जीव वाचवायच्या शिक्षणाचा दाखला पाच वर्षांचा. डॉक्टरचा दाखला दोन वर्षांचा. मुदत संपली की माणूस तोच, हात तेच, पण त्याला जहाजाच्या शिडीवर पाय ठेवू देत नाहीत. नाना सगळं नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "माझा नातू दहावी झाला त्याला कितीक वर्षं झाली. त्याला न्हाई कुणी पुन्हा बसवलं." यावर अंकुशभाऊ दोन चहा सांगायचे आणि विषय कापसावर न्यायचे.

मी तेव्हा वाटूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि अंकुशभाऊंच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. दोन अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून वाटीतली आमटी, वर्तमानपत्र, कढीपत्ता आणि गावच्या बातम्या असं सगळं ये-जा करायचं. अंकुशभाऊंचा आवाज मात्र भिंतीला जुमानत नसे. जन्म इंजिनाच्या धडधडीत गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. बायकोच्या कानात सांगितलेली गोष्ट गल्लीच्या टोकाला कळायची. सुमनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "हे एवढं भोंग्यावर बोलू नका हो."

गाव त्यांना 'कप्तान' म्हणायचं. त्यांना ते आवडत नसे. "कप्तान वर असतो, बाई," ते मला सांगत. "त्याला समुद्र दिसतो. मी खाली. मला मीटर दिसतात." माझ्या वर्गातल्या मुलांसमोर एकदा त्यांना बोलवलं होतं. मुलांनी विचारलं, समुद्र कसा असतो? गृहस्थ विचारात पडले. "बराबर सांगायचं तर," ते म्हणाले, "गरम असतो." इंजिनाच्या खोलीतला उकाडा त्यांच्या डोक्यात समुद्र म्हणून बसला होता. वाटूरसारख्या, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते अशा गावातला माणूस जहाजावर कसा पोचला, ही एक लांबलचक कहाणी आहे. तिच्यात आयटीआय आहे, जालन्याचं एक वर्कशॉप आहे, एक मामा आहे. पण ती कहाणी ते दरवेळी वेगळी सांगत, म्हणून मी ती इथं सांगत नाही.

सगळ्या आयुष्याला मुदतीची सवय लागलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणाच्या घरी गेले की आधी चपला काढायच्या, मग थेट स्वयंपाकघरात डोकवायचं आणि सिलिंडरच्या नळीवरची तारीख बघायची. मी राहायला आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "बाई, ही नळी कवाची?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते गेले आणि संध्याकाळी नवी नळी घेऊन आले. औषधाची गोळी, बिस्किटाचा पुडा, गाडीचा विमा, सगळ्याची मुदत बघायची. "मुदत बघावी, मंग तोंड उघडावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नात जेवायला बसले तरी पाण्याची बाटली उलटी करून बघत आणि पंगतीतली माणसं एकमेकांना कोपर मारत.

जहाजावर आगीची रंगीत तालीम सतत होते म्हणे. हात विसरू नयेत म्हणून ही तालीम ते सुट्टीत घरीही घ्यायचे. शिट्टी वाजली की घरातल्या सगळ्यांनी अंगणातल्या कडुनिंबाखाली जमायचं. सगळ्यांनी म्हणजे सुमनताईंनी, कारण मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि भाऊंचे वडील तेव्हा शेतावर राहत.

"आग लागली!" भाऊ ओरडायचे.

"लागू द्या. माझी पोळी करपून राह्यली," सुमनताई आतून म्हणायच्या.

एका वर्षी मात्र या तालमीनं घात केला. दिवाळी होऊन गेली होती. भाऊंचे चुलतभाऊ भागवतराव यांच्या घरात जागा नव्हती म्हणून त्यांनी आपला कापूस भाऊंच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला होता. भाव यायची वाट बघणं चाललं होतं. अंकुशभाऊ नुकतेच जहाजावरून आलेले. तालीम खरी वाटावी म्हणून त्या रविवारी त्यांनी नुसतं 'आग' न म्हणता, 'कापसाला आग!' अशी हाळी दिली. आणि त्यांचा तो आवाज.

कापूस आणि आग हे दोन शब्द आमच्या भागात एका वाक्यात आले की माणूस विचार करत बसत नाही. गल्ली धावली. कुणी घागर घेऊन, कुणी बादली घेऊन, एकानं तर बोअरचा पाइपच ओढून आणला. भाऊ दारात आडवे हात करून ओरडत होते, "तालीम हाये! तालीम हाये!" पण तालीम म्हणजे कुस्तीची, एवढंच गावाला माहीत. पहिली बादली ओतली ती खुद्द भागवतरावांनी. पुढचा महिनाभर गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर कापूस वाळत पडला होता. नुकसान भाऊंनी भरून दिलं, पण भागवतरावांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. समोरून भाऊ आले तर रस्ता बदलायचे.

अंकुशभाऊ पुढच्या सुट्टीत आले तरी अबोला होताच. त्याच्या पुढच्या सुट्टीत आले, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सरळ भागवतरावांच्या ओसरीवर जाऊन बसले. म्हणाले, "भागवता, आपल्या अबोल्याची मुदत संपली. चालू ठेवायचा असंल तर नव्यानं भांडावं लागंल. मी तयार हाव. काढ मुद्दा."

ही हकीकत मला पुढं भागवतरावांनीच सांगितली. ते म्हणाले, "लई इचार केला, बाई. पण मुद्दाच सापडंना. कापूस तर कवाच इकून झाल्ता. मंग म्हनलं, च्या घे." मला त्या दिवसापासून अंकुशभाऊंबद्दल जी माया वाटायला लागली ती आजतागायत आहे. माझी स्वतःची दोन-तीन जुनी भांडणं मी त्या आठवड्यात निकालात काढली, आणि एक मुद्दाम नव्यानं चालू ठेवलं.

आता सुमनताईंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही. त्या घनसावंगीकडच्या, उसाच्या रानातल्या. बोलणं गुळासारखं, पण ऊस आधी चरकात घालावा लागतो हेही त्यांना ठाऊक. लग्न झाल्यापासून नवरा वर्षातून काही महिने घरी, बाकी पाण्यावर. मुलीचा जन्म, सासूचं आजारपण, घराचं बांधकाम, मुलीची सोयरीक, सगळं त्यांनी एकटीनं रेटलं. एकदा भिंतीच्या त्या बाजूला मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या घरात माणूस हाये बाई, पण कॅलेंडरात." मग जुडी झटकत पुढं म्हणाल्या, "एकदा यांची मुदत हुकली ना, की झालं. मी वाट बघून राह्यले." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तशी वेळ खरोखरच आली. भाऊंच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि भाऊ बोटीवरून घरी आले ते जवळजवळ चार वर्षं घरीच राहिले. वडिलांचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. जहाजावर पाळ्या लावतात तशा त्यांनी घरात पाळ्या लावल्या होत्या, चार तास सुमनताई, चार तास ते. कूस बदलणं, पुसणं, भरवणं. म्हातारबाबा गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती, हे परतूरच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं.

पण या सगळ्यात परवान्याची मुदत थांबली नव्हती. नियम असा की पाच वर्षांत मिळून वर्षभर तरी जहाजावर काम केलेलं असलं पाहिजे, तरच परवाना पुढं चालू होतो. भाऊंचे जेमतेम चार महिने भरले होते. उरलेले भरायचे तर दिवाळीच्या आत जहाजावर चढणं भाग होतं. नाहीतर परवाना संपला. "मंग पुन्हा तोंडी परीक्षा," ते मला म्हणाले, "पोराच्या वयाच्या साहेबांपुढं. आणि पंचावन्नाच्या माणसाला बिनपरवान्याचं कोण उभं करतं, बाई?" हे बोलताना त्यांचा आवाज चक्क हळू होता. मी एवढी वर्षं शेजारी राहिले, पण त्यांचं बोलणं पुढं वाकून ऐकावं लागलं असं तेव्हाच झालं.

कंपनीकडे जहाज होतं. फक्त डॉक्टरचा दाखला नव्यानं घ्यायचा होता. सोमवारी मुंबईला तपासणी ठरली. आणि नेमका तेव्हा धोंड्याचा महिना चालू होता.

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयाला सासरी जेवायला बोलवायचंच असतं. शनिवारी घनसावंगीला जायचं ठरलं. सुमनताईंनी मलाही जीपमध्ये बसवलं. उसाच्या रानातून वाट काढत आम्ही पोचलो तेव्हा ताट मांडलेलंच होतं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, बाजूला खीर, आणि ताम्हणात रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे. वाढायला सुमनताईंचे भाऊ होते, भावजय होती, पण तुपाचं भांडं सुमनताईंनी स्वतःच्या हातात ठेवलं होतं.

"बस सुमन, सोमवारी डॉक्टर हाये," अंकुशभाऊ म्हणाले.

"सोमवारचं सोमवारी."

"दाजी, धोंड्याला न्हाई म्हणायचं नसतं," मेहुणे म्हणाले. "पुन्हा तीन वर्षांनी येतो हा महिना."

दाजींनी धोंडा खाल्ला. मग आणखी एक. मग आग्रहाचा. सुमनताई वाढत होत्या आणि खाली मान घालून वाढत होत्या. अनारशांचं वाण वाया घालवायचं नसतं, म्हणून डबा भरून तो मुंबईच्या गाडीतही बरोबर दिला.

डॉक्टरनं साखर बघितली, रक्तदाब बघितला आणि सही केली नाही. तीन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या अगदी तोंडावर या, म्हणाला; तेव्हाही साखर उतरली नसेल तर परवाना गेलाच. भाऊ परत आले. फाट्यावर मी शाळेच्या कामानं जालन्याला जायला उभी होते, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. किसननाना बाकावरून म्हणाले, "काय अंकुशराव, या खेपंला तरी?"

"या खेपंला नापास, नाना," भाऊ म्हणाले.

हॉटेलात कुणी हसलं नाही. तीस वर्षं ज्या उत्तरासाठी नानांनी चेष्टा केली ते उत्तर मिळालं आणि नानांना तोंड कुठं लपवावं ते कळेना. ते उठले, स्वतःच्या हातानं चहाचा कप घेऊन आले आणि भाऊंच्या शेजारी बसले. बस आली आणि मी गेले.

त्या संध्याकाळी सुमनताईंनी भिंतीवर हात टेकून मला सांगितलं, "बाई, मीच भावाला फोन केल्ता. धोंडे कमी पडू देऊ नको, म्हनलं."

मी विज्ञानाची शिक्षिका. मी त्यांना सांगितलं की एका जेवणानं असं होत नाही, साखर हळूहळू चढत असणार, उलट वेळेवर कळलं हे बरं झालं. त्यांनी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. पाप केलंय तर ते आपलंच असलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पण खरं सांगू का, त्या घाबरलेल्या असल्या तरी दुःखी नव्हत्या. दिवाळीला नवरा घरी असणार होता. पुढच्या दिवाळीलाही. त्यांनी दाराला नवे पडदे शिवायला टाकले.

आणि मग अंकुशभाऊंची झोप उडाली.

घर शांत होतं, तेच त्यांना सोसवेना. वडिलांच्या आजारात पाळ्यांमुळे ते ध्यानात आलं नव्हतं. जहाजावर बिछान्याखाली सतत इंजिन धडधडत असतं. तो आवाज थांबला तर माणूस दचकून उठतो, कारण थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. आता कायमचं थांबल्यासारखं झालं होतं. काही दिवस त्यांनी खाट फ्रिजला चिकटवून घातली. पण वाटूरची लाइट ती, रोज जायची, आणि फ्रिज गप्प झाला की भाऊ उठून बसायचे. चेहरा उतरला. गावातल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून झाल्या. मग ज्या बिघडल्या नव्हत्या त्याही उघडायला लागले, तेव्हा लोक त्यांना बघून मोटारीवर पोतं टाकू लागले.

दुपारच्या वेळी ते कुठं गायब होतात हे काही दिवस कुणाला कळलं नाही. ते सुमनताईंना कळलं, ज्वारीचा डबा घेऊन त्या रज्जाकभाईंच्या पिठाच्या गिरणीत गेल्या तेव्हा. गिरणी चालू होती. पट्टा फडफडत होता, फरशी थरथरत होती आणि भिंतीजवळच्या बाकड्यावर त्यांचा नवरा गाढ झोपला होता. भुवयांवर, मिशीवर, शर्टावर पिठाचा थर. घोरत होता म्हणे, पण गिरणीच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, नुसतं पोट वरखाली होताना दिसत होतं.

"भाबी, उठाऊं क्या?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"नको. राहू द्या."

ज्वारी दळून झाली. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. रज्जाकभाईंचा हात बटणाकडं गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा जरा. घरी गहू हायेत. घेऊन येते." गहू आणले. ते होत आले तेव्हा डाळीचा डबा आणला. मग माझ्या दारात उभ्या. ऊन मी म्हणत होतं आणि पदराला पीठ लागलेलं. "बाई, तुमचं काही दळायचं हाये का? जल्दी द्या." मी म्हटलं, "माझं कालच झालंय." "मंग तांदूळ द्या. पिठी करून आणते." मला काहीच कळेना. मी तांदूळ दिले. त्या जवळजवळ पळतच गेल्या. त्या दिवशी त्यांनी महिन्याचं दळण केलं, शेजारणीचं केलं, आणि अंकुशभाऊ दिवस कलेपर्यंत झोपले.

हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना भिंतीवर साखरेचा डबा आणून ठेवला. "हा तुमच्याकडं ठेवा, बाई. मी मागितला तरी देऊ नका. त्यांनी मागितला तर बिलकुल देऊ नका." मागोमाग गुळाची ढेप आली, लोणच्याची बरणी आली, पापड आले. माझ्या दोन खोल्यांचं किराणा दुकान झालं.

दुसऱ्या दिवसापासून फटफटायला लागलं की ती दोघं मंठ्याच्या रस्त्यानं चालायला निघू लागली. सुमनताईंनी साडीवर पांढरे बूट चढवले होते. गावानं पहिले चार दिवस ते बूट बघितले, मग सवय झाली. त्या पुढं, भाऊ मागं. भाऊ म्हणायचे, "अगं, जरा दम." त्या वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. ताटात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, बिनमिठाचं वरण. भाऊ भिंतीपाशी येऊन मला ऐकवायचे, "बाई, जहाजावरचा खानसामा बरा व्हता." आतून उत्तर यायचं, "मंग त्याच्याकडंच पाठवून राह्यले ना."

अशाच एका सकाळी चालता चालता त्यांनी नवऱ्याला घनसावंगीच्या जेवणाचं खरं सांगून टाकलं. त्यांना वाटलं होतं, मोठं भांडण होईल. भाऊ म्हणाले, "ठाऊक व्हतं मला. वाढताना तू माझ्याकडं बघतच नव्हतीस."

"मंग खाल्लं काहून?"

"तू वाढून राह्यली व्हतीस म्हणून."

हे मला सुमनताईंनी सांगितलं आणि सांगता सांगता रडल्या. मीही रडले. मग दोघींनी डोळे पुसले आणि लोणच्याच्या बरणीवर झाकण नीट बसलंय का ते बघितलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरनं सही केली. दिवाळी तोंडावर असताना भाऊ गेले. त्यांना सोडायला फाट्यावर भागवतराव होते, नाना होते, रज्जाकभाई होते. सुमनताईंनी फुटाण्यांची पिशवी दिली आणि बस वळेपर्यंत उभ्या राहिल्या. नवे पडदे त्यांनी त्या दिवाळीला लावले नाहीत, ट्रंकेत ठेवून दिले.

पुढच्या वर्षी ते महिने भरून आले, मुंबईला जाऊन परवाना नवा करून घेतला. आणखी पाच वर्षं. सुट्टी संपत आली तेव्हा कंपनीचा फोन आला. भाऊ अंगणात उभे राहून बोलत होते, म्हणजे अख्खी गल्ली ऐकत होती. "न्हाई साहेब, सध्या न्हाई. हो, कागद सगळे चालू हायेत. पण न्हाई." फोन ठेवून ते कडुनिंबाखाली खाट टाकून बसले. आत भांडी घासायचा आवाज मधेच थांबला आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला. त्या आठवड्यात दाराला नवे पडदे लागले.

मी निवृत्त झाले आणि जुन्या जालन्यात भावाकडं राहायला आले. साखरेचा डबा जाताना परत केला. सुमनताईंनी तो घेतला, पण कपाळाला आठ्या घालून घेतला. झोपेचं म्हणाल तर अंकुशभाऊ अजून दुपारी गिरणीत जातात असं कळतं. रज्जाकभाईंनी बाकड्यावर गोधडी टाकून ठेवली आहे.

मागच्या दिवाळीच्या सुमाराला एका विद्यार्थिनीच्या घरच्या कार्यासाठी वाटूरला गेले. सकाळच्या पहिल्या बसनं फाट्यावर उतरले तेव्हा उजाडत होतं. मंठ्याच्या रस्त्यानं दोन माणसं येताना दिसली. पुढं साडीवर पांढरे बूट. मागं, बरंच मागं, अंकुशभाऊ. आता ते थोडे वाकलेत. सुमनताई माझ्यापाशी येऊन थांबल्या, माझे दोन्ही हात धरले. दम त्यांनाही लागला होता.

"अजून चालणं सुरूच?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात डॉक्टरचा दाखला संपतो, बाई. नवा काढायचाय."

"म्हणजे पुन्हा जाणार?"

"न्हाई. जायचं न्हाई म्हणतात. मीबी जा म्हणत न्हाई."

"मग दाखला कशाला?"

त्यांनी मागं वळून बघितलं. भाऊ मैलाच्या दगडाला हात टेकून उभे होते आणि आम्हाला बघून लांबूनच मोठ्यानं म्हणाले, "बाई आल्या का!" सुमनताई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"मुदत संपून घरी बसला असता, तर तो कागदापायी बसला असता, बाई," त्या म्हणाल्या. "जाता येत असून राह्यलाय. म्हंजे माझ्यापायी राह्यलाय."

मग त्यांनी माझे हात सोडले, पदर खोचला आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडल्या, "चला, उभे काय राह्यले!" भाऊंनी दगडावरचा हात काढला आणि चालायला लागले.